वाघमारे मॅडमची बावीस पावलं

आमच्या कंपनीत वाघमारे मॅडमच्या नावाची एक खुर्ची होती आणि तिच्यावर फायली बसत असत. मॅडम कधी बसल्या नाहीत. निदान मी त्यांच्याबरोबर काम केलं त्या काळात तरी नाही. खराडीच्या त्या काचेच्या इमारतीत बाकीच्या मजल्यांवरची माणसं सकाळी खुर्चीत शिरत ती संध्याकाळीच बाहेर पडत. पाचव्या मजल्यावरच्या आमच्या प्रयोगशाळेत मात्र एक साठी ओलांडलेली, बुटकी, पांढऱ्या कोटाखाली सुती साडी नेसलेली बाई दिवसभर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारत असे. हातात कागदी कप, ओठ घट्ट मिटलेले, नजर समोर. नवीन माणसाला वाटे, बाईंचं कुणीतरी दवाखान्यात आहे.

मॅडमचं काम पेयं चाखायचं. कंपनी लहान, सरबतं, मसाला सोडा, कोकमाचं फसफसतं पाणी असं काय काय बाटलीत भरून विकणारी. नवा माल बाजारात जायच्या आधी ऑफिसातल्याच आठ माणसांच्या पॅनेलकडून त्याची चाचणी व्हायची. त्या आठांच्या जिभांना वळण लावण्यापासून त्यांच्या कागदांवरून अहवाल लिहिण्यापर्यंत सगळं मॅडम करायच्या, आणि अहवालाखाली त्यांची सही झाल्याशिवाय कारखान्यातून गाडी हलायची नाही. आधी एका कॉलेजच्या अन्नशास्त्र विभागात त्यांनी तीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळली. तिथून निवृत्त झाल्यावर इथे, दर मार्चला नव्याने होणाऱ्या करारावर.

मी त्यांची मदतनीस. फूड टेक्नॉलॉजीची पदवी आणि त्या पदवीला शोभेल एवढा आगाऊपणा. पहिल्या दिवशी मी 'गुड मॉर्निंग मॅडम' म्हणत हात पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला नाही, वाकून हुंगला.

"गुलाब," त्या म्हणाल्या. "आणि मागे कुठेतरी कांदेपोहे."

"हँडक्रीम आहे मॅडम. पोहे घरून..."

"क्रीम धुऊन ये. पोह्यांचं काही करता येणार नाही, त्यांना दोन तास द्यावे लागतील. तोवर कपांवर नंबर घाल."

ही तपासणी फक्त माझी नव्हती. चाचणीच्या दिवशी मॅडम दारात उभ्या राहत आणि पॅनेलच्या आठही जणांना त्यांच्या नाकाखालून आत जावं लागे. अत्तर नको, सुवासिक तेल नको, दोन तास आधी चहा नको. अकाउंट्समधले कुलकर्णी दर वेळी शपथा घ्यायचे. "अहो मॅडम, सकाळपासून तोंडात पाण्याचा थेंब घेतलेला नाही!"

"मग हा वेलदोडा काय स्वतः चालत आला?"

कुलकर्णी निमूट चूळ भरायला जायचे. त्यांना राग यायचा नाही. मला यायचा. मला वाटायचं, सरबत तर आहे, त्याचा एवढा सोहळा कशाला? मी त्या वेळी चोवीस वर्षांची होते आणि मला सगळंच कुठून तरी उरकून पुढे जायचं होतं.

मॅडमचं शब्दांच्या बाबतीतही तसंच. पॅनेलवरच्या नवीन माणसाने कागदावर 'रिफ्रेशिंग' लिहिलं, की त्या तो शब्द लाल पेनने खोडून बाजूला लिहीत, 'हे चवीचं नाव नाही, जाहिरातीचं आहे.' त्यांनी चवींची स्वतःची एक वही केली होती. ओलं पोतं. ज्येष्ठमधाची काडी. कल्हई गेलेल्या भांड्यातलं कळकलेलं ताक. रात्रभर उघडी राहिलेली सुंठ. पॅनेलवरच्या प्रत्येकाला त्या हे पदार्थ खरोखर आणून चाखायला लावत. कळकलेल्या ताकाच्या दिवशी एचआरची मुलगी रडकुंडीला आली होती. पण नंतर कोणाचं कोणाशी दुमत झालं नाही. एकाने 'कळकलेलं' म्हटलं की आठांनाही तेच आठवायचं.

आणि त्या फेऱ्या. मला बरेच दिवस वाटत होतं की बाईंना पायांचा काहीतरी विकार आहे. एकदा विचारलं तेव्हा त्या चिडल्या नाहीत, मला चालायलाच लावलं. कपातला घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा, थोडा गिळायचा आणि चालू पडायचं. प्रयोगशाळा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अकरा पावलांची. जाऊन येऊन बावीस. पहिल्या तीन-चार पावलांत आंबट. मग गोड. सातव्या-आठव्याला आल्यासारखा काही ठसका असेल तर तो घशात. आणि साखरेऐवजी दुसरं काही घातलं असेल, तर त्याचा कडवटपणा परतीच्या वाटेवर, सगळ्यात उशिरा.

"घड्याळ लावलं तरी चालेल की," मी म्हटलं.

"लाव ना. पण घड्याळ लावणारा माणूस बसतो. बसून प्यायलं की माणूस समाधानी होतो, आणि समाधानी माणसाला चव कळत नाही."

त्यांच्या अशा बोलण्याला उत्तर सुचेपर्यंत त्या पलीकडच्या भिंतीला पोचलेल्या असायच्या.

चालण्याइतकीच दुसरी सक्ती चुरमुऱ्यांची. प्रत्येक नमुन्याआधी कोमट पाण्याची चूळ, मग चिमूटभर चुरमुरे चावून खायचे, आणि मगच कप. जिभेवरची आधीची चव पुसली जावी म्हणून. बाजारातले नेहमीचे चुरमुरे खारे असतात, म्हणून शनिवार पेठेतला एक भट्टीवाला मॅडमसाठी मिठाशिवाय वेगळे भाजून द्यायचा. मी राहायला शनिवार पेठेतच, तेव्हा दर आठवड्याला तिथून पिशवी आणणं हे माझं काम झालं. भट्टीवाल्याने पहिल्याच दिवशी मला विचारलं होतं, "पेशंट कोण आहे घरात?"

मॅडमबद्दल माहिती अशी कमीच होती. पर्वतीच्या बाजूला दोन खोल्यांचा फ्लॅट, भिंतीवर बुद्धाची तसबीर, नवरा वारलेला, मुलगी नागपूरला. जेवणाचा डबा त्या खिडकीशी उभ्याने खात आणि तेवढ्यातही पुढच्या चाचणीबद्दल बोलत. स्वतःबद्दल बोलल्याचं मला एकदाच आठवतं, आणि तेही मी चूक केली म्हणून. कोकमाच्या मालाचा अहवाल होता. खाली गाडी उभी होती, ड्रायव्हर फोनवर फोन करत होता. मी नऊ पानं त्यांच्यापुढे धरली आणि म्हणाले, "मॅडम, फक्त सही करायचीय."

त्यांनी पानं घेतली आणि फेऱ्या मारत सगळीच्या सगळी वाचली. सातव्या पानावर एक आकडा चुकला होता, तो दुरुस्त केला. मग सही केली, पूर्ण नावाची, वळणदार, वेळ लावून.

"माझ्या आजीचा अंगठा होता," त्या पेनाचं टोपण लावत म्हणाल्या. "वडील कचेरीत शिपाई म्हणून लागले, कारकून होऊन बाहेर पडले. त्यांची सही होती, पण पगाराच्या कागदावर. माझ्या सहीवर गाडी सुटते. तेव्हा 'फक्त सही' असं पुन्हा म्हणू नकोस."

मी खाली मान घालून कागद घेतले. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांच्यासमोर लहान झाल्यासारखं वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

मग आमच्या मालकांच्या, म्हणजे अनिकेत सरांच्या डोक्यात जिंजर बिअर आली. जिंजर बिअर म्हणजे आल्याचं, फसफसणारं, बिनदारूचं पेय. नावात बिअर आहे एवढंच. सर पस्तिशीचे, स्वभावाने चांगले, बोलणं अर्धं इंग्रजी. "मॅडम, आजकाल एव्हरीवन इज कॅलरी-कॉन्शस. आपण शुगर पूर्ण काढायची. अख्ख्या बाटलीत ट्वेंटीच्या खाली कॅलरीज. समरच्या आधी लाँच."

"साखर काढायची म्हणजे काढून टाकायची, की तिच्या जागी दुसरं काही आणून बसवायचं?"

"दुसरं, मॅडम. नॅचरल. पानांपासून केलेलं."

"पानांपासून अडुळसाही होतो," मॅडम म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

पुढचे चार महिने आमच्या मजल्याला आल्याचा वास येत होता. आल्यासाठी त्या मला मार्केट यार्डात घेऊन गेल्या. पहाटेच्या गर्दीत पोत्यापोत्यांतून फिरत, आल्याच्या गड्ड्याची माती पदराला पुसत, कडाकडा चावत. एका व्यापाऱ्याने शेवटी विचारलं, "बाई, घ्यायचंय का नुसतं खायचंय?"

"घ्यायचंय तेच खाऊन बघतेय. तुमच्या भरवशावर घेतलं असतं तर घरीच थांबले असते."

कोवळं आलं त्यांनी बाजूला केलं. कोवळ्याचा नुसता वास, ठसका जुन्यात, असं त्यांचं म्हणणं. साताऱ्याकडचं रेषाळ, दिसायला अगदी दरिद्री आलं त्यांनी निवडलं. परत येताना रिक्षात त्यांचे डोळे पाण्याने भरले होते आणि त्या खूश होत्या.

त्यांच्या सोसायटीत मात्र वेगळाच गोंधळ झाला. जिन्यात मुलीशी फोनवर बोलताना त्या म्हणाल्या, "आज सहा बिअर झाल्या गं, घसा नुसता जळतोय." दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी फार जपून विषय काढला. अहो, एकटेपणा असतो, कळतं आम्हाला, पण आपलं वय झालं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "रोज सहाच. सातवी घेतली तर काम नीट होत नाही." खुलासा त्यांनी केलाच नाही. महिनाभर काकू त्यांना गवती चहा आणून देत होत्या, आणि मॅडम तो चवीने पीत होत्या.

पेय काही जमत नव्हतं. पहिला घोट सुंदर. आलं, लिंबू, बुडबुडे, घशात नेमका ठसका. आणि मग बाविसाव्या पावलाला, भिंतीशी परत येता येता, जिभेच्या मुळाशी ते कडू. ज्येष्ठमधाची काडी चघळून फेकावी आणि तिचा धागा दातात राहावा तसं. मॅडमच्या वहीत एकाखाली एक नोंदी आहेत. 'कृती चार : शेवट कडू.' 'कृती सात : शेवट कडू, शिवाय साबण.' 'कृती नऊ : कडू उशिरा येते, पण येतेच.' त्यांचं चालणं वाढलं. दुपारी मी डोळे मिटून टेबलावर डोकं टेकवलं तरी सपातांचा आवाज यायचा. रोज सकाळी सर दारातून डोकावून "एनी गुड न्यूज?" विचारायचे आणि मॅडम "अजून तोंड कडू आहे" एवढंच सांगायच्या. कॅफेवाल्या एका मोठ्या गिऱ्हाइकाची ऑर्डर आली होती. लेबलं छापून तयार होती. घाई सगळ्यांनाच होती, आणि सगळी घाई शेवटी त्या अकरा पावलांत येऊन अडत होती.

अकरावी कृती आली ती नव्या पुरवठादाराच्या पावडरीची. त्याचं म्हणणं, याला मागाहून चव येत नाही. पॅनेलची चाचणी तीन दिवसांची ठरली. इथे मॅडमचा एक नियम सांगायला हवा. कुठल्या कपात काय आहे हे ज्याला माहीत, त्याने चाखायचं नाही. कपांवर तीन आकडी नंबर घालायचं काम महत्त्वाच्या चाचणीत त्या स्वतः करत, म्हणून त्या तीन दिवसांत त्या स्वतः एक थेंबही तोंडात घेणार नव्हत्या. "मला कडू हवंय की नकोय, हे माझ्या जिभेला माहीत झालंय," त्या म्हणाल्या. "अशी जीभ साक्षीला चालत नाही."

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी मी भट्टीवर गेले तर शटर खाली. शेजारच्याने सांगितलं, लग्नाला गेलेत, चार दिवसांनी येतील. मी तशीच बसने स्वारगेटला एका मैत्रिणीला भेटायला गेले, आणि येताना तिथल्या एका दुकानातून चुरमुऱ्यांची पिशवी उचलली. खारे आहेत का, हे विचारलंही नाही. सकाळी डब्यात ओतले. चुरमुरे ते चुरमुरे.

त्या दिवशी चाचणीत कुलकर्णी मला म्हणाले, "आज चुरमुरे झकास आहेत हो," आणि त्यांनी आणखी एक मूठ घेतली. मी हसले. मला ते ऐकू आलं होतं, कळलं नव्हतं. निदान मी स्वतःला असंच सांगत आलेय.

तीन दिवसांचे चोवीस कागद. 'शेवटची चव' या रकान्यात आठांपैकी एकानेही कडू लिहिलं नव्हतं. मॅडमनी ते कागद तीनदा मोजले. त्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "मला हे पटत नाहीये." मग थोडं चालून आल्या आणि म्हणाल्या, "पण मला पटणं हा रकाना कागदात नाही." त्यांनी अहवाल लिहिला आणि खाली सही केली, पूर्ण नावाची. अनिकेत सरांनी पेढे मागवले. सोमवारी पहिली गाडी निघणार होती.

हे गुरुवारी. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला मॅडमना भूक लागली असावी. डबा जेवल्याला बराच वेळ झाला होता. फेरी मारता मारता त्यांनी टेबलावरच्या डब्यातले मूठभर चुरमुरे घेतले, तोंडात टाकले, आणि चार-पाच पावलांवर थांबल्या.

त्यांना अशा मधेच, भिंतीला न पोचता थांबलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मला आधी वाटलं, घास अडकला.

"ऋतुजा, हे कुठले?"

"चुरमुरे? स्वारगेटहून आणले मॅडम. आपलं दुकान बंद होतं."

"सांगितलं नाहीस?"

"चुरमुरेच तर आहेत, म्हणून..."

त्यांनी डबा माझ्यापुढे धरला. मी चार दाणे खाल्ले. खारट होते. फार नाही, कोणाच्या लक्षात येईल इतके नाही, भेळेत घातले असते तर वर आणखी मीठ लागलं असतं. पण मीठ कडू चव दाबतं, हे मला पदवीच्या पहिल्या वर्षात शिकवलेलं होतं. कारल्याला मीठ चोळून ठेवणाऱ्या माझ्या आईलाही ते पदवीशिवाय माहीत होतं. आठ माणसं तीन दिवस प्रत्येक घोटाआधी जिभेला मीठ चोळून बसत होती.

मॅडमनी मला कपांवर नंबर घालायला लावले, आणि पाठ करून उभ्या राहिल्या. मग आधी खारे चुरमुरे खाऊन, घोट घेऊन चालल्या. बावीस पावलं. काही नाही. अर्ध्या तासाने नुसत्या कोमट पाण्याने चूळ भरून तेच पुन्हा. अकराव्या पावलाला भिंतीशी वळल्या तेव्हा चेहरा कोरा होता. मी त्यांच्या पायांकडे बघत मनात मोजत होते. मला इतकं मनापासून काही हवंसं कधी वाटलं नव्हतं. कडू लागू नये, एवढंच. एकोणीस, वीस, एकवीस.

"आलं," त्या म्हणाल्या.

शनिवारी सकाळी त्यांनी अनिकेत सरांकडे मीटिंग मागितली. सर, मार्केटिंगचे दोघे, मॅडम आणि टेबलाच्या टोकाला लॅपटॉप उघडून मी. मॅडम अर्थातच उभ्या. त्यांनी सरळ सांगितलं की अहवाल चुकीचा आहे, मागे घेतेय, चाचणी पुन्हा करावी लागेल.

सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, लॉजिकली बघा. लोक हे काय नुसतं पिणार आहेत? चिप्स असणार, फ्राइज असणार, दाणे असणार. ऑल सॉल्टी. मग त्यांना कडू लागणारच नाही. मग प्रॉब्लेम काय?"

खरं तर मुद्दा बिनतोड होता. मी मान वर करून मॅडमकडे पाहिलं.

"मग लेबलवर तसं छापा," त्या म्हणाल्या. "खाऱ्या दाण्यांबरोबरच प्यावे. त्याखाली मी आत्ता सही करते."

मार्केटिंगमधला एक जण हसला. सरांचा आवाज चढला. लेबलं छापली, बाटल्या भरल्या, गिऱ्हाइकाला तारीख दिली. "आणि ही मिस्टेक झाली कशी? इतकी वर्षं तुम्ही हेच करताय. कोणी आणले ते चुरमुरे?"

हा प्रश्न टेबलावर किती वेळ होता मला सांगता येणार नाही. माझं प्रोबेशन त्या महिन्याअखेरीला संपत होतं. घरी बाबांना सांगून झालं होतं की पक्की होणार. माझ्या तोंडात शब्द तयार होता, मी, एका अक्षराचा. मी लॅपटॉपकडे बघत राहिले.

"चूक माझी आहे," मॅडम म्हणाल्या. "जगातल्या सगळ्या गोष्टी चाखल्या, चुरमुरे चाखले नाहीत. ते माझं काम होतं."

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चुकूनही नाही. एकदा जरी पाहिलं असतं तरी मी बोलले असते, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते. त्यांनी पेन काढून अहवालाच्या पहिल्या पानावर 'रद्द' लिहिलं, खाली सही केली, ही पण पूर्ण नावाची आणि वेळ लावून. मग दार उघडून गेल्या. बाहेरच्या पॅसेजमध्ये त्यांच्या सपातांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

गाडी तीन आठवडे उशिरा निघाली. पुन्हा केलेल्या चाचणीत आठांपैकी सहा जणांनी कडू लिहिलं. शेवटी पावडर कमी करून आल्याचा ठसका वाढवला, थोडी साखर परत आली, कॅलरी वाढल्या, लेबलं नव्याने छापली. पेय बरं झालं. फार चाललं नाही, पण बरं झालं. मार्चमध्ये मॅडमच्या कराराचं नूतनीकरण झालं नाही. कारण कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. निरोपसमारंभ नको म्हणाल्या. शेवटच्या दिवशी चवींची वही माझ्या टेबलावर ठेवून गेल्या, आत चिठ्ठी वगैरे काही नाही. मी पक्की झाले. पुढच्या महिन्यात पॅनेलची जबाबदारीही माझ्याकडे आली. पगार वाढला, बाबांनी पेढे वाटले.

त्यानंतर त्या मला एकदाच भेटल्या, गेल्या दिवाळीनंतर, स्वारगेटच्या एसटी स्टँडवर. मावशीला कोल्हापूरच्या गाडीत बसवून मी परत फिरत होते. साताऱ्याच्या फलाटावर एक बुटकी बाई खांद्याला शबनम पिशवी लावून माणसांच्या गर्दीतून इकडून तिकडे चालत होती. मी धावतच गेले.

"अगं, तू!" त्या म्हणाल्या. खरंच आनंद झालेला दिसला. साताऱ्याकडे एका गावात बायकांचा गट आलेपाक करतो, त्यांना शिकवायला दर पंधरवड्याला जातात. "साखर भरमसाट घालतात. पण आलं काय आहे गं तिथलं! तू एकदा ये." त्यांनी आईची चौकशी केली, कुलकर्ण्यांची केली. कंपनीबद्दल काही विचारलं नाही.

गाडी लागली. माणसं दाराशी रेटारेटी करू लागली. मी त्यांचा हात धरला.

"मॅडम, त्या दिवशी मीटिंगमध्ये मी बोलायला हवं होतं."

दोन वर्षं हे वाक्य मी घडवत होते. आणि त्याच्यापुढे त्या काय म्हणतील, तेही मीच घडवून ठेवलं होतं. जाऊ दे गं. लहान होतीस. झालं गेलं. आपल्याकडे असंच म्हणतात, आणि मग दोघीही थोडं रडून मोकळ्या होतात.

"हो," त्या म्हणाल्या. "बोलायला हवं होतं."

रागाने नाही. मी कृतीबद्दल काही विचारलं असतं तर ज्या आवाजात सांगितलं असतं, त्याच आवाजात. मग हात सोडवून गाडीत चढल्या. मी खालीच उभी. खिडकीची काच सरकली.

"अजून तिथेच आहेस ना?"

"हो मॅडम."

"मग तिथे सांग. मला तर माहीतच होतं."

कंडक्टरने घंटी दिली. गाडी वळून पुलाखाली जाईपर्यंत मी बघत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, शेजारच्या बाईशी काहीतरी बोलत होत्या.

सोमवारी सकाळी मी अनिकेत सरांच्या केबिनबाहेर जाऊन उभी राहिले. ते फोनवर होते. मी दहा मिनिटं थांबले. त्यांनी फोन ठेवला, मला पाहून हाताने आत बोलावलं, आणि मी आत जाऊन पुढच्या महिन्याच्या चाचण्यांच्या तारखा विचारून आले.